चक्कर कुणाला आली होती

१६ नोव्हें., रविवार
हुलग्याचं पीठ संपलं. आईला फोन करून सांगितलं, पारनेरहून कुणी नगरला येणार असेल तर पाठव. आर्याने आज शेंगोळ्यांची अक्षरं मागितली. वेटोळी करायच्या ऐवजी तिच्या नावाची अक्षरं वळली. 'आ' टिकला, 'र्या'चा रफार उकळीत सुटून गेला. "आई, माझं डोकं उडालं!" हसून हसून लोळली. पण वाटी संपवली. समोरच्या जयाची ईश्वरी होतीच, तिने दोनदा घेतले.
हीच आर्या मागच्या वर्षी ताट बघून तोंड फिरवायची. नको आठवायला.
बाजरी भिजत घातलीय. लाडवांसाठी.

१८ नोव्हें., मंगळ
बाजरी सावलीत वाळली, खमंग भाजली. गिरणीवाल्याने आधी गव्हावर घातली, भांडले. खजूर, तीळ, थोडे शेंगदाणे, तूप. गूळ नाहीच घातला, खजुराचा गोडवा पुरतो. जया येऊन बसली. नेहमीसारखं, "तीळ किती? आधी भाजायचे का?" मोबाईल समोर धरलेला. "आठवण म्हणून गं." माझे हातच तेवढे घेतले. हातात काचेच्या बांगड्या होत्या, बऱ्या होत्या म्हणायचं.

२१ नोव्हें., शुक्र
वहिनीचा फोन, माहेरून. "ताई, तुमची ती जया लई भारी सांगती हो. आमच्या अख्ख्या गल्लीत तिचाच व्हिडिओ चाललाय."
कसला व्हिडिओ? मला काहीच माहीत नाही.
वहिनीने पाठवला. जया तिच्या ओट्याशी उभी, नवीन एप्रन. बाजरी-खजुराचा लाडू. मधे मधे हात दिसतात ते माझे, आधीच्या कुठल्यातरी खेपेचे. चालेल, म्हटलं. लाडू काय माझ्या एकटीचा आहे? पण पुढे—
"माझी ईश्वरी शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर. घाईत निघाले तर माझ्या पायात एकच चप्पल होती, मैत्रिणींनो."
ती चप्पल माझी होती. दुसरी जयाच्याच हातात होती, दवाखान्याच्या पायरीवर तिने खाली वाकून माझ्या पायात घातली होती. त्या दिवशी वाटलं होतं, सख्खी बहीण असती तरी एवढं—
भात करपला.

२२ नोव्हें., शनि
ह्यांना दाखवला. सकाळी चहा घेताना.
"बघितलाय मी."
"कधी?"
"दिवाळीत."
मी म्हटलं, आपल्या पोरीचं आजारपण आहे ते. तर म्हणाले, "लाडू लोकांपर्यंत गेला ना? एका अर्थाने तुझंच नाव झालं."
"माझं नाव आहे कुठे त्यात?"
कप तसाच ठेवला. "कंपनीत तिच्या मिस्टरांच्याच लाईनवर आहे मी, वैशू. पर्मनंटचं त्यांच्या हातात आहे. विषय वाढवू नको."
म्हणजे दिवाळीत जयाच्या घरी फराळाला बसलो तेव्हा ह्यांना माहीत होतं. तिला माहीत होतं. तिच्या मिस्टरांना माहीत होतं. मी एकटीच करंज्या छान झाल्यात म्हणत होते.

२३ नोव्हें., रवि
तो व्हिडिओ पुन्हा पाहिला, शेवटपर्यंत. परवा अर्ध्यात बंद केला होता. शेवटी ती म्हणते, "ना गोळ्या, ना सिरप. फक्त हा लाडू, आणि माझ्या लेकीचं रक्त वाढलं."
हे कुठून आणलं तिने? आर्याला सिरप किती महिने चालू होतं. जंतांचं औषध वेगळं. सिरप संपलं की मेडिकलमधून जयाच आणायची कितीदा. डॉक्टर मॅडमनी पुन्हा रक्त तपासलं, मगच बंद केलं. लाडू, मटकी-लिंबू, पालेभाजीचं थालीपीठ हे सगळं त्याच्या जोडीला.
गोष्ट नेली ती नेली. वर खोटी करून नेली.

२४ नोव्हें., सोम
जयाकडे गेले. पोरी शाळेत. तिने आधी खुर्ची दिली, मग चहा ठेवला, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आवडला का?"
मी म्हटलं, "चक्कर ईश्वरीला कधी आली?"
"अगं, तसं म्हणायचं असतं. दुसऱ्याच्या पोरीचं सांगितलं तर लोकांना आपलं वाटत नाही."
"मग माझी चप्पल कशाला घेतलीस?"
ती गॅस बारीक करायला वळली. खरंच लाजली असं वाटलं क्षणभर.
"बरं, ते राहू दे. सिरप चालू होतं एवढं तरी सांग."
"ते सांगितलं तर मग लाडू कोण बघेल, वैशू?"
चहा न घेता आले. दारातून म्हणते, "तू स्वतः कधी केलं असतंस का? तुझ्याच्याने झालं नसतं. मी केलं तर दुखतंय."
हे खरं आहे का? नसतं केलं मी. म्हणून काय—

२७ नोव्हें., गुरु
व्हिडिओखाली लिहिलं, औषध बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. एवढंच. जेवण होईपर्यंत काढून टाकलेलं. जया जिन्यात भेटली, माझ्या अंगावरून गेली. अत्तराचा वास.
आर्याचा डबा: ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा. आला तसा परत. "ईश्वरीने पण तोच आणला होता."

३० नोव्हें., रवि
पारनेरला जाऊन आले. आईने हुलग्याचं पीठ बांधून ठेवलं होतं. कार्तिकी, भावाची मुलगी, ओसरीवर नुसती बसलेली. एरवी एस.टी.पाशी पळत येते. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. पांढरी. आर्याची अशीच होती.
"वहिनी, हिला डॉक्टरांनी रक्ताचं सिरप दिलं होतं, त्याचं काय?"
"बंद केलं की. दात काळं पडत्यात त्यानं. आन् लाडू देतीच हाय रोज. तुमच्या जयानंच सांगितलंय, औषध नको म्हून."
मी म्हटलं, ते खोटं आहे. आर्याला औषध होतं. आजारी आर्या होती, ईश्वरी नव्हे.
वहिनीने कार्तिकीला जवळ ओढलं. "व्हिडिओ मीच धाडला व्हता तुमाला. दुसऱ्याच दिवशी का न्हाई सांगितलं, ताई? माझी पोर हाय ही."
आई मधे पडली, "आता बोलून काय व्हतंय, उद्या दवाखान्यात न्या." भाऊ घेऊन जाणार आहे.
वहिनी पोचवायला आली नाही.

२ डिसें., मंगळ
भावाचा फोन. कार्तिकीचं एच.बी. पहिल्यापेक्षा खाली गेलंय. औषध पुन्हा चालू. डॉक्टर रागावले. वहिनी फोनवर आली नाही.

९ डिसें., मंगळ
शाळेची चिठ्ठी. शनिवारी माता-मेळावा, विषय 'मुलांचा पौष्टिक डबा'. मार्गदर्शन: जया.
ह्यांना विचारलं, जाऊ का? "गेलीस तर बस, ऐक आणि ये."

१३ डिसें., शनि
मेळाव्याला जाऊन आले.
हॉल भरलेला. गुच्छ दिला तो वर्गशिक्षिका बाईंनी. ह्याच बाईंनी मागच्या वर्षी आर्याच्या तोंडावर पाणी मारलं होतं, मला फोन केला होता. जया बोलू लागली. प्रार्थना, चक्कर, रिक्षा. बाई बाजूलाच उभ्या. मी त्यांच्याकडे बघत होते, आता काहीतरी म्हणतील. त्या गुच्छाचा कागद नीट करत होत्या.
"ना गोळ्या, ना सिरप" आलं आणि मी उभी राहिले. कशी राहिले माहीत नाही.
"चक्कर माझ्या आर्याला आली होती. तिला औषध चालू होतं. लाडू चांगला आहे, पण औषध बंद करू नका. माझ्या भाचीचं बंद केलं, तिचं रक्त आणखी कमी झालं."
जया रडायला लागली. माइकमध्येच. "वैशूचा गैरसमज झालाय. आम्ही बहिणीसारख्या आहोत." दोघीतिघी तिच्यापाशी धावल्या, पाणी दिलं. मागून कुणीतरी, "जळतात गं." बाईंकडे बघितलं. म्हणाल्या, "आपण कार्यक्रम पुढे नेऊ या."
फाटकापाशी एक बाई थांबली, ओळखीची नव्हती. हळूच विचारलं, "औषध खरंच बंद नाही करायचं ना? मी केलंय." म्हटलं, आजच डॉक्टरांकडे जा. एवढीच एक.
घरी येताना आर्या, "मी आता ईश्वरीशी बोलायचं नाही का?"

१४ डिसें., रवि
हे जेवले, ताट स्वतः उचललं. तिच्या मिस्टरांनी सकाळीच जिन्यात गाठलं म्हणे ह्यांना. काय म्हणाले ते सांगत नाहीत. मीही विचारलं नाही.
संध्याकाळी वहिनीचा मेसेज, कार्तिकी सिरप घेतेय. बाकी काही नाही.

१७ डिसें., बुध
जयाचा नवा व्हिडिओ. बीटाची धिरडी. जुना तसाच आहे, शेवटासकट.

१९ डिसें., शुक्र
आर्या शिकवणीला गेली होती. दार वाजलं, ईश्वरी. दप्तर पाठीवर. "मम्मी बाहेर गेलीय. तुमच्याकडे नको जाऊस म्हणाली. पण काकू, भूक लागलीय."
मोडाची मटकी होती. कांदा, टोमॅटो, वर लिंबू पिळून वाटी दिली. उंबऱ्यातच बसून खात होती, आत ये म्हटलं तरी आली नाही. अर्धी संपल्यावर विचारते, "काकू, मी कधी पडले होते?"
"का गं?"
"वर्गात सगळे विचारतात. मम्मी म्हणते, हो म्हण. मी हो म्हणते. पण मला आठवतच नाही."
नऊ वर्षांची पोर. काय सांगायचं तिला, की तिची आई—
खाली गाडी थांबल्याचा आवाज. जया जिना चढत वर आली. आधी वाटी बघितली, मग लेकीला, मग मला. ईश्वरी तिच्याकडे वळून तेच विचारायला लागली, "मम्मी, मी कधी—"
जया पायरीवरच थांबली. मी दार लावलं नाही.