पक्ष्यांच्या घराचे मार्क

बाबा,

हॅनोव्हरहून तुम्हाला आणि आईंना वाकून नमस्कार. गुडघ्याला तेल लावताय ना? आईंचं मेतकूट आम्ही पुरवून पुरवून खातोय.

तुम्ही दर फोनवर विचारता, स्वानंदीच्या पक्ष्यांच्या घराला किती मार्क पडले, आणि कपिल विषय बदलतो. म्हणून मीच लिहिते. मार्क पडलेच नाहीत.

तिच्या वर्गात नियम आहे: मदत घेतली तर कोणाची आणि किती, ते वस्तूखाली लिहायचं. तुम्ही इथे असताना ते घर हौसेनं करून दिलंत. आपल्याकडे शाळेचे प्रोजेक्ट घरातली मोठी माणसंच करतात, त्यामुळे मलाही काही वावगं वाटलं नाही. पण आपल्या स्वानंदी बाईसाहेबांनी वर्गात उभं राहून सांगितलं, "सगळं आजोबांनी केलं. मी फक्त खिळे धरले."

शिक्षिका रागावल्या नाहीत. "आल्झो, म्हणजे चला तर, आता तुझं तू कर," एवढंच म्हणाल्या.

वाईट वाटून घेऊ नका हं. तुमचं घर बाल्कनीत दिमाखात टांगलंय.

मग तिनं स्वतः केलेलं नवं घर तिरकं झालंय, छपराला फट आहे. आम्ही कोणी हात लावला नाही. तरी खाली तिनं जर्मनमध्ये लिहिलंय, "मदत आजोबांची. ते आता सांगलीत आहेत. पण खिळे धरताना मी सगळं बघत होते."

तुम्ही तिला शेजारी बसवून घेतलंत, बाबा, त्याचे आभार कसे मानू?

या नव्या घराला किती मार्क पडले, ते रविवारी फोनवर तिलाच विचारा. उत्तर मोडक्या मराठीत येईल, पण तिचं तिनं दिलेलं असेल.

तुमची,
अपूर्वा