आठशे मीटरचा मास्तर

दिघी, रविवार दुपार

आदरणीय कस्तुराआत्या,

तुला भीमराजचा सविनय जय भीम. तुझी कंबर आता कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की शेजारणीला करायला लावून स्वतः बघत बसतेस? परभणीचं ऊन आता वाढलं असेल, दुपारची बाहेर पडू नकोस. इकडे आम्ही बरे आहोत. बाबांचे गुडघे कुरकुरतात, बाबा मात्र नाहीत. फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हो आत्या’ म्हणतो, त्यात माझं सांगायचं राहून जातं. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

मी आठशे मीटर पळतो हे पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा तू भर लग्नात म्हणाली होतीस, “म्हणजे पुरता एक किलोमीटरसुद्धा नाही?” आम्हा मधल्या पल्ल्याच्या लोकांचं दुखणं हेच. शंभर मीटरवाल्याचा फोटो पेपरात येतो, मॅरेथॉनवाल्याला सोसायटी हार घालते, आणि आमची शर्यत लागली की लोक चहा आणायला उठतात. (परत येतात तोवर ती संपलेली असते.) तरी त्या दोन फेऱ्यांनी मला राज्याचं पदक दिलं आणि चाकणच्या कंपनीत खेळाडू म्हणून नोकरी दिली. पळण्यासाठी घेतलेल्या माणसाला त्यांनी स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलं, तो भाग वेगळा. पुढे कंपन्यांच्या स्पर्धेत शेवटच्या वळणावर पोटरीचा स्नायू फाटला आणि मी पहिल्या नंबरवरून थेट जमिनीवर आलो. डॉक्टर म्हणाले, “चालायला काही हरकत नाही.” पळणाऱ्या माणसाला याहून वाईट वाक्य ऐकवता येत नाही, आत्या.

पाय बरा झाल्यावर शिफ्ट सांभाळून मी इथल्या मैदानावर शिकवायला लागलो. आधी आले वाकडचे आयटीवाले. त्यांच्यातले जयदीपसाहेब माझ्यापेक्षा मनगटावरच्या घड्याळाचं जास्त ऐकतात. मी ‘पळा’ म्हणतो, घड्याळ ‘विश्रांती घ्या’ म्हणतं, आणि साहेब दोघांचा मान राखून चालतात. माणसं भली आहेत, आपापल्या ऑफिसातून आणखी माणसं आणतात. पण मी मास्तर झालो तो साक्षी आली तेव्हा. काळेवाडीची मुलगी, पोलीस भरतीच्या तयारीला आलेली. भरतीत मुलींना आठशे मीटरच पळावं लागतं. तिला पहिलं वळण घेताना पाहिलं आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. (जयदीपसाहेबांनी तो पिऊन टाकला. घड्याळाने परवानगी दिली असावी.)

वर्षभर दोघांनी जीव तोडून मेहनत केली. राज्य स्पर्धेत ती पदक घेणार याची मला खात्री होती, आणि नेमका स्पर्धेचा आणि भरतीच्या मैदानी चाचणीचा दिवस एकच आला. मी तिच्या आईला समजावायला काळेवाडीला गेलो. सोजराबाई घरीच शिवणकाम करतात. त्यांनी मशीन थांबवून पोहे केले. मी देश, पदक, तिरंगा असं पाठ केलेलं भाषण म्हटलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “सर, पोरगी पळती चांगली, ते मला बी दिसतंय. पर तुमी एवढं पळालात, तुमच्या हाती काय लागलं?”

टोमणा नव्हता. बाईंना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मला स्टोअरची खुर्ची आठवली आणि मी आणखी पोहे मागितले. तेवढ्यात दारातून साक्षी म्हणाली, “सर, मी भरतीला जाते. पप्पा गेल्यापासून आई एकटीच मशीनवर बसलीय. स्पर्धा परत येईल.” स्पर्धा परत येते, पण तसे पाय दर वेळी नसतात, हे मला ठाऊक होतं. तरी ‘बरं’ म्हणालो. घरी जाताना सिग्नल हिरवा झाला तरी मी उभाच. मागच्या रिक्षावाल्याने माझा जो उद्धार केला तो तुला लिहिण्यासारखा नाही.

चाचणीच्या दिवशी मी मैदानाच्या जाळीबाहेर उभा होतो. तिला बजावलं होतं, पूर्ण गुण मिळतील एवढंच पळ, नंतर गोळाफेक आहे, दम राखून ठेव. शिट्टी झाली आणि ही सुसाट! दुसऱ्या फेरीत तिच्या आसपास कुणी नव्हतं. मीही नकळत जाळीच्या कडेने तिच्याबरोबर पळायला लागलो (फाटलेल्या पोटरीसकट) आणि शहाळ्याच्या गाडीवर जाऊन आदळलो. गाडीवाला शांतपणे म्हणाला, “भाऊ, भरती आत चाललीय.”

ती बाहेर आल्यावर मी ओरडलो, “हळू पळ म्हटलं होतं ना?”

“हळू पळायचं तुम्ही कधी शिकवलंच नाही, सर.”

मी शहाळं तोंडाला लावलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. आत्या, तिथे टाळ्या नव्हत्या, पदक नव्हतं. पण माझी अर्धी राहिलेली शर्यत कुणीतरी न पडता पुरी केली होती. सोजराबाईंना काय उत्तर द्यायचं ते मला तेव्हा कळलं. सांगायला मात्र गेलो नाही. त्यांनी न विचारताच गल्लीतल्या दोन मुली माझ्याकडे आणून सोडल्या. साक्षी आता प्रशिक्षण केंद्रात आहे. संचलनात सारखी रांगेच्या पुढे जाते म्हणून बोलणी खाते. त्यात दोष तिच्या सरांचा, म्हणजे माझा, असं तिने तिथल्या साहेबांना सांगून टाकलंय.

बाकी सगळं क्षेम. कंबर सांभाळ.

तुझा भाचा,
भीमराज

ता.क. विद्यार्थिनीला नोकरी लागली आणि मास्तरने सोडली. कंपनीने मला कायमची सकाळची शिफ्ट दिली. तीच मैदानाची वेळ, म्हणून मी राजीनामा दिला. बाबांना सांगितलेलं नाही. पिंपरीच्या कारखान्यात ज्यांनी सारा जन्म काढला, त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगू? ते फक्त तुझ्यापुढे आवाज चढवत नाहीत. दोन दिवस ये आणि चहा पिता पिता तू सांग. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता.क. दुसरा. पाकीट शोधत होतो तर बाबा स्वयंपाकघरातून म्हणाले, “उद्यापासून डबा कंपनीचा करू का मैदानाचा?” शेजारच्या सोपानरावांनी त्यांना मागेच सांगितलं होतं. मी रोज डबा घेऊन कंपनीला निघाल्यासारखा बाहेर पडायचो आणि ते दारातून हात करायचे. तेव्हा तू आता सांगायला येऊ नकोस, नुसती ये. मी म्हणालो, “मैदानाचा.” ते म्हणाले, “मग एक भाकरी जास्त लागेल,” आणि डाळ निवडायला बसले.