एकाच बटणावर तीन बोटं

दि. ६ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या या कॉन्सर्टिनाच्या बटणवाल्या पेटीने जीव नकोसा केलाय. नाचाची जी गत वाजवायची, तिच्यात तोच सूर तीनदा झरझर यायचा, तिथे एक बोट पुरत नाही. म्हणून तुम्ही लिहिलंत, एकाच बटणावर आधी तर्जनी, मग मधलं, मग अनामिका. अगदी तसंच करते. दोन सूर येतात आणि तिसऱ्याला मेली अनामिका शेजारच्या बटणावर जाऊन पडते. भाता हळू ओढून पाहिला, हाताचा पट्टा सैल केला, नखं कापली. शिवणाच्या दुकानातही बोटं चाळवत असते. मालकीणबाई म्हणाल्या, एकतर शीव नाहीतर वाजव.

शनिवारी नाचाचे मास्तर ऐकणार आहेत. गुडघेदुखीपायी तुम्ही सोडलेली साथीदाराची जागा मला पेलली नाही, तर ते अॅकॉर्डियनवाल्याला घेतील. मला ती जागा हवीय हो, मामा. काय चुकतंय? उलट टपाली लिहा. मामींना नमस्कार.

तुमची रडकुंडीला आलेली,
भाची

दि. ९ फेब्रुवारी

चि. भाचीबाईंस,
अनेक आशीर्वाद.

चुकलं माझं. पेटी तुझ्याकडे, म्हणून मागचं पत्र मी नुसत्या डोक्याने लिहिलं, बोटांना विचारलंच नाही. आज तुझी मामी चहा टाकते म्हणून उठली आणि शेजारणीशी बोलत बसली. मी वैतागून टेबलावर बोटं वाजवत होतो आणि एकदम चपापलो. माणूस चिडला की बोटं करंगळीकडून अंगठ्याकडे पडतात! म्हणजे आधी अनामिका, मग मधलं, शेवटी तर्जनी. बटण दाबून बसायचं नाही; प्रत्येक बोटाने ते पुसत तळहाताकडे निसटायचं, की मागच्याला जागा होते. जन्मभर असंच वाजवलं आणि तुला उलटं लिहून बसलो. मामी म्हणते, यांचं नेहमीचंच.

काठी टेकत स्वतः पत्र टाकायला जातोय. शनिवारच्या आत पोचलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं. रागव खुशाल, पण माया पातळ करू नकोस.

तुझा वेंधळा,
मामा

दि. १३ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज, सोमवारी आलं. शनिवारी माझा तिसरा सूर शेवटपर्यंत घसरत राहिला. नाचणाऱ्या दोघींचे पाय चुकले आणि मास्तरांनी हात वर करून थांबवलं. जागा अॅकॉर्डियनवाल्याला गेली.

पत्र वाचून इतकी चिडले की शिलाई मशीनच्या फळीवर बोटं आपटली. अनामिका, मधलं, तर्जनी. पेटी उचलली, तर पहिल्याच खेपेला तिन्ही सूर सुटे, स्वच्छ. संतापाने रडले, मामा. तशीच दुकान टाकून तालमीच्या खोलीवर गेले आणि दारात उभी राहून अख्खी गत वाजवली. मास्तरांनी विचारलं, हे शनिवारी कुठे होतं? मी सांगितलं, टपालात. ते हसले नाहीत. जागा मात्र गेली ती गेलीच.

यापुढे काही शिकवायचं असेल तर पत्र नको. गाडीत बसा आणि या. गुडघे दुखले तर दुखू देत, मी शेकून देईन. मला तुमची बोटं बघायची आहेत.

लोभ आहे, म्हणून तर एवढा राग.

तुमची,
भाची