शोभीच्या झोपेचा कागद

१२ जुलै ८१
शोभीला पहाटे परत झटका आला. झोपेतच. हातपाय ताठ, तोंडाला फेस, जीभ चावली. दिवसा कधी नाही, मेला झोपेतच गाठतो तिला. बारा वर्षांची पोर. जागी झाली की काही आठवत नाही, फक्त अंथरूण ओलं पाहून तोंड फिरवते. सौ. मुकाट्याने गोधडी धुवायला घेते.

२० जुलै
नागपूर. डॉ. म्हणाले, झोपेत मेंदूचा आलेख काढू. झटका कुठून उठतो ते कळलं तर नेमकी गोळी देता येईल, आत्ताची अंदाजाने चाललीय. तारीख ६ ऑग. सूचनांची चिठ्ठी इंग्रजीत. आदली रात्र जागवून आणायची, म्हणजे तिथे झोपेल.

७ ऑग.
काल सगळं मातीत गेलं. रात्रभर पोरीला जागवलं. दिघोरीहून साकोली, तिथून नागपूर. डोळा लागू नये म्हणून एस.टी.त उभी ठेवली. आलेख काढणाऱ्या बाईंनी तिच्या डोक्याला हात लावला आणि थांबल्या. खोबरेल. परगावी निघताना पोरीचं डोकं कोरडं कोण ठेवतं? सौ.ने वाटीभर चोळून वेण्या घातलेल्या. तारा चिकटेनात. साबणाने डोकं धुतलं, गार पाण्याने झोप पार उडाली. आता ऑक्टोबर.
चिठ्ठीत दुसरीच ओळ होती, केस धुऊन आणा, तेल नको. मी सौ.ला जागरणाचं तेवढं वाचून दाखवलं. म्हणे मास्तर! येताना ती सगळ्या रस्त्याने स्वतःला बोल लावत होती आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो.

११ ऑग.
सौ.ला खरं सांगितलं. ‘आता सांगून काय होते,’ म्हणाली. धानाच्या रोवण्याला निघून गेली.

९ ऑक्टो.
शोभी झोपली. पाऊण तास. कागद सरकत होता, सुया नाचत होत्या. मी दाराशी. मनात एकच, ये, घरी येतोस तसा ये. नाही आला.
डॉ. म्हणतात कागद साफ आहे. साफ म्हणजे आजार नाही असं नव्हे, जानेवारीत पुन्हा काढू. तोवर तीच गोळी.

१५ ऑक्टो.
गावात बातमी आमच्या आधी पोचली. वहिनी अंगणात सौ.ला म्हणाली, ‘कागदात काई नाई, मंग पोट्टी सोंगच करून रायली.’ शोभी तिथेच भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. मी वहिनीला काही बोललो नाही. का नाही बोललो?

३ नोव्हें.
दोनदा आला. दुसरा फार लांबला, ओठ निळे पडले. मला वाटलं, गेली.
दुपारी माझ्याजवळ येऊन बसली.
‘बाबा, तुमी पायता न मले? मी सोंग नाई करत न?’
नाही, म्हटलं.
मग म्हणाली, ‘या टायमाले तेथं मले झटका आला पायजे न, बाबा? मंग खरं होईन न?’
मी हो म्हणालो. पोटच्या पोरीला झटका यावा म्हणून हो म्हणालो. ती उठून शाळेचं दप्तर भरायला लागली. जानेवारीला अजून दोन महिने आहेत.