तुम्ही बांधलेली हंसळी

बाबा, तुमच्या नातीची हंसळी मोडली. गळ्याजवळचं तेच हाड, माझं तुम्ही बांधलं होतं ते. बुधवाऱ्याच्या चौकात स्कूटीवरून पडली. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून दोन रस्ते सांगितले. झोळीत हात अडकवून दीडेक महिना घरी बसायचं, पुष्कळांचं तसंच जुळतं म्हणे. नाहीतर चिरून आत पट्टी बसवायची. "पण हिचे तुकडे एकावर एक चढलेत, टोक आतून कातडीला टोचतंय. मला विचाराल तर ऑपरेशन. सकाळी सांगा."

घरी आल्यावर हे म्हणतात, "चीरफाड कशाला? धूलकोटला तुझ्या बापाचा चेला अजून हाडं बांधतो. तुझी नाही जुळली का?" सासूबाई पण माझ्या खांद्याकडे बोट दाखवतात. दाखवणारच. ती सवय तुम्हीच लावलीत. ओट्यावर कोणी कण्हत आलं की मला हाक मारायचात, "ये गं, हात वर कर." मी दहा वर्षांची, हाड बांधायला केळीच्या खांबाच्या ओल्या साली घेऊन उभी. त्या खाली ठेवते, हात वर करते. दात आवळून करते. तुम्ही म्हणता, "पाहा, माझ्या पोरीची हंसळी," आणि तो माणूस गुमान तुमच्यापुढे बसतो. असे किती बसले. कोणाचा हात नंतर वर गेला, कोणाचा नाही, मला ठाऊक नाही. आजही बाजारात कोणी एक खांदा पाडून चालताना दिसला की मी गल्ली बदलते.

तर सगळ्यांसमोर सांगून टाकलं. हात तेव्हाही दुखायचा, आजही माळ्यावरचा डबा मला काढता येत नाही. हे म्हणाले, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बापाला खोटं पाडू?"

मग ऑपरेशनच ठरलं. पट्टी बसली, पोरीची बोटं हलतात, जेवायला कुरकुर करते.

पण त्या सकाळी ऑपरेशनच्या कागदावर सही करताना डॉक्टरला माझ्या गळ्याजवळचं टेंगूळ दिसलं. "हे कोणी बांधलं होतं?" मी म्हटलं, "गावात होता कोणीतरी."

तुम्ही गेलात, हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहिते. डॉक्टर विचारत होता तेव्हा तुम्ही माझ्या मागेच उभे आहात असं वाटलं मला. तरी मी माझा बाप म्हटलं नाही.