पप्पांची पट्टी

गुरु., १२ मार्च
सकाळी सकाळी बेंजामिनकाकांचा फोन. मे महिन्यात क्रुसाजवळची रोजची प्रार्थना कोण चालवणार? "रविवारपर्यंत सांग, बाय. तू नाही म्हणालीस तर स्पीकरवर रेकॉर्डिंग लावतो. हल्ली सगळीकडे तेच चालतं."

इतकी वर्षं पप्पा चालवायचे. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता कुजबुजल्यासारखे दोन शब्द, तेही दमून. मग अख्ख्या आळीला मी आठवले. मी "बघते" म्हटलं. माझं "बघते" म्हणजे नाही, हे मम्मीला कळतं, काकांना नाही.

उद्या रिट्रीट. कॉलेजच्या कॅथलिक मुलामुलींची. शेरलने (रूममेट) नाव घालून टाकलं. "प्रार्थना वगैरे ठीक आहे यार, पण दोन दिवस झोपायला मिळतं. असाइनमेंटचं टेन्शन नाही. चल ना."

शुक्र., १३ मार्च
बेलापूर. टेकडीच्या पायथ्याशी जुनं घर, मागे आंबा, खिडकीतून लांबवर खाडी. फादरांनी मोबाईल गोळा करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकले. मग पहिला कार्यक्रम जाहीर केला. "झोपा. थकलेल्या माणसाला देवाचं काही ऐकू येत नाही." शेरलने त्यांना तिथेच संत करून टाकलं.

चारपर्यंत झोपले. घरी गेले तरी एवढी झोपत नाही.

उठले ती वासाने. उकडलेले चणे. उपवासकाळातला शुक्रवार, त्यामुळे स्वयंपाकघरात मच्छी-मटण नाही. कमळामावशी (इथला स्वयंपाक त्याच करतात, बाजूच्याच गावातल्या) वाटीत काढून देत होत्या. "घे गो, गरम हाय." पहिला घास घेतला आणि थेट वसईला घरी पोचले. मे महिना, संध्याकाळ, क्रुसाला झेंडूच्या माळा, आम्ही पोरं चौथऱ्याखाली चण्यांच्या टोपावर डोळा ठेवून. प्रार्थना संपल्याशिवाय चणे नाहीत. आणि पप्पा संपवायचेच नाहीत.

पप्पांची गाण्याची पट्टी आळीत प्रसिद्ध. लितानी (मारियेची एकेक नावं गात, सगळ्यांनी उत्तर देत म्हणायची प्रार्थना) सुरूच एवढ्या वरून करायचे की तिसऱ्या ओळीला बायकांचे आवाज फाटायचे आणि पुरुष नुसते ओठ हलवायचे. दरवर्षी सगळे सांगायचे, पास्कू, जरा खाली घे. दरवर्षी ते हो म्हणायचे. दुसरं कुणी चुकलं की मात्र बाकावर अंगठीने दोनदा टकटक. म्हणजे परत घ्या. स्वतःसाठी कधी केली नाही.

खूप आठवण आली. माणूस घरात आहे, चालताफिरता, तरी आठवण येते. हे कुणाला सांगायचं?

शनि., १४ मार्च
सकाळी मौन. आंब्याखाली बसून मुंग्या बघितल्या. बरं वाटलं.

दुपारी फादरांना विचारलं, एखादी गोष्ट करावीशी वाटत नाही, तर तो आळस की भीती? म्हणाले, "आळस असता तर एवढा विचार केला नसतास." आणि चहाला गेले. अशा वेळी फादर लोक निघून जातात, मला राग येतो.

भीतीच आहे. इथे लिहूनच टाकते. पप्पा पहिल्या बाकावर बसणार आणि मी त्यांच्या जागी उभी राहणार. मी तोंड उघडलं की पप्पांचा आवाज गेला म्हणजे गेलाच. आत्तापर्यंत निदान जागा तरी रिकामी आहे.

संध्याकाळी जपमाळ. एक दशक (दहा मण्यांचं) मल्याळममध्ये, एक कोंकणीत, एक इंग्लिशमध्ये. शेवटी फादर म्हणाले, लितानी मराठीत कोण घेईल? शेरलने कोपर मारलं. उठले. म्हटलं, दहा मिनिटांचा प्रश्न.

सुरू केलं आणि... एवढ्या वर! मी घेतलंच नव्हतं तसं. गळ्याने आपोआप घेतलं. तिसऱ्या ओळीला केरळची मुलं किंचाळत होती. कुणी थांबलं नाही. मला हसू आणि रडू एकदम आलं, पण शेवटपर्यंत नेलं.

शे.: "इतकं वर कोण घेतं यार? घसा गेला माझा."
कमळामावशी भांडी पुसत होत्या. "तूच व्हतीस ना मघाशी? लय वर गेलीस गो. पन बरा वाटला."

रवि., १५ मार्च
सकाळची मिस्सा-प्रार्थना, फोटो, डब्यातून मोबाईल परत. बेंजामिनकाकांचे तीन मिस्ड कॉल. दुपारी नेरूळला हॉस्टेलवर.

काकांना नाही, घरी लावला. मम्मीने उचलला. "जेवलीस? थांब, हे ऐकतायत, कानाला लावते." पप्पा फोनवर बोलत नाहीत आता. नुसता श्वास येतो.  मी सरळ लितानीच सुरू केली. हॉस्टेलच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधे उभी राहून.

दुसऱ्या ओळीवर फोनमध्ये आवाज. टक टक. अंगठीचा.

थांबले. मला वाटलं चुकून लागली. परत सुरू केलं. परत टक टक.

म्हणजे वर गेले म्हणून. आणि हे कोण सांगतंय! जन्मभर ज्यांनी अख्ख्या आळीचे घसे बसवले ते. मी हसायला लागले. मम्मी मागून म्हणाली, "अगं, हेपण हसतायत." हसण्याचा आवाज येत नव्हता, तिने सांगितलं म्हणून कळलं.

मग एक सूर खाली घेतलं. टकटक आली नाही. शेवटपर्यंत आली नाही. मम्मी मागून प्रत्येक ओळीला उत्तर देत होती, तिचाही आवाज फाटला नाही.

काकांचा आत्ता चौथा कॉल येऊन गेला. उचलला नाही. शेरल अंघोळीला गेलीय, गॅलरी रिकामी आहे. अजून एकदा खालून घेऊन बघते, मग काकांना फोन.