बोरीच्या दंगलीले जोड पाहिजे

तांडा, पो. बोरी अरब, ता. दारव्हा
दि. ९ डिसेंबर

प्रिय शगुफ्ता,

जमनीचा सलाम घे. तुह्या घरवाल्याले, अय्याजभाईले, जय सेवालाल सांगजो. दुरुस्तीसाठी कोळशाच्या ट्रकाखाली निजून निजून त्यायची कंबर धरली होती, ती सुटली का? तुह्या शाळेतल्या पोट्ट्यांचं पीटीच्या तासालेच पोट दुखते का अजून? (तुहंही दुखत होतं, हे त्यायले सांगू नको.) इकडं माही माय, आमची याडी, बरी आहे, तूर बरी आहे, कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. मी बरी आहे असं सगळे म्हणतात, म्हणून मीही तेच लिहून राह्यली.

तू म्हणशील, फोनच्या जमान्यात हे कागदाचं खूळ काहून काढलं. ते सांगते, पण सरळ सांगवत नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं वाच. तुले माहीतच आहे, मी लिहाले बसली की गाडी रस्त्यावर राहत नाही.

तर मी लय मोठी झाली शगू. सात वर्षांत एकही कुस्ती हारली नाही हे तुले ठाऊक आहे, पण लोकायले ते ठाऊक नाही, अन् त्याच्यावाचून त्यायचं काही अडतही नाही. मागच्या वर्षी एका बियाणेवाल्या कंपनीनं माहा फोटो घेतला, दंड फुगवून, अन् खाली लिहिलं ‘ताकदीचं बियाणं’. झालं. दारव्ह्यापासून पुसदपर्यंत ज्या कपाशीत पाह्यलं तिथं मी उभी. बाया मले बाजारात थांबवतात अन् म्हणतात, तुम्ही बियाण्यातल्या ना? मी म्हणते हो. कुस्तीचं सांगाले गेली तर म्हणतात, अस्सं, कुस्तीही खेळता का? (जसं काही मी फावल्या वेळात पापड लाटते म्हटलं.) दिवाळीच्या आधी पाण्याचं वातावरण झालं तं लोकायनं ते फ्लेक्स काढून सोयाबीनच्या गंजीवर टाकले. पुंडलिकरावच्या वावरात मी स्वतः पाह्यलं, मी गंजीवर उताणी पडून आहे, चारी कोपऱ्याले चार दगड, दोन्ही खांदे टेकलेले. सात वर्षांत मले चित केलं ते त्या गंजीनं. मी पुंडलिकरावले तसं म्हटलं, तं ते म्हणे, ताई, कापड मात्र मजबूत आहे.

हे सगळं पाह्याले आता माणूस ठेवला आहे. माह्या मामाचा विक्की. त्यानं व्हिजिटिंग कार्ड छापलं, त्यावर ‘टीम जमनी’ लिहिलं, टीममध्ये तो एकटाच. माहा फोनही त्याच्याजवळच राहे. त्यानं मले कुठं कुठं नेलं म्हणून सांगू. पुसदले दाताच्या दवाखान्याचं उद्घाटन केलं. एका ब्यूटी पार्लरची फीत कापली. हळदीकुंकवाले प्रमुख पाहुणी झाली, तिथं सूत्रसंचालन करणारी बाई म्हणे, आपल्या जिल्ह्याची शान, सुप्रसिद्ध कबड्डीपटू. मी खालून सांगितलं, कुस्ती. तं ती माईकवर म्हणे, किती विनम्र आहेत पाहा. एका घरमालकानं तं भाडेकरू काढाले बोलावलं होतं. म्हणे काही करू नका, नुसत्या दारात उभ्या राहा. मी गेली नाही. (गेली होती. पण त्या भाडेकरूच्या बायकोनं चहा दिला, मी पिऊन परत आली.) शाली किती झाल्या विचारू नको, याडी आता त्या बकऱ्यांच्या अंगावर टाकते थंडीत.

विक्की म्हणते, ताई, तुमचं नाव आता कुस्तीच्या पुढं गेलं, कुस्ती ही शिडी होती, वर चढल्यावर शिडी खांद्यावर घेऊन कायले फिरता? मी म्हटलं, अन् मंग उतरू कशी? तो म्हणे, उतरायचं कायले. त्याच्या मनात आहे की जानेवारीत मी कुस्ती सोडल्याचं जाहीर करावं, नगरपंचायतीच्या तिकिटाचं बोलणं चालू आहे म्हणे, नाहीतर टीव्हीवरचा तो घरात कोंडून ठेवतात तो कार्यक्रम. मी म्हटलं, बाबू, कोंडून घ्यायले मुंबईले जायची काय गरज आहे.

आता कुस्त्यायच्या दंगलीचं ऐक. नोव्हेंबरात पुसदकडच्या एका गावात गेली. पोस्टरवर मी सगळ्यायपेक्षा मोठी. माही बारी आली, मी माती कपाळाले लावली, हात वर करून जोड मागाले आखाड्याभोवती फिरली. तुले ती चक्कर माहीत आहे, आपण पोट्ट्या होतो तेव्हा एक चक्कर पुरी व्हायच्या आधी कोणीतरी उडी मारूनच येत होतं, अन् बहुतेक ती तूच राहत होती. पहिली चक्कर झाली, टाळ्या. दुसरी झाली, टाळ्या. तिसऱ्या चक्करले वर्ध्याहून आलेल्या दोन पोट्ट्या उठल्या. माहा जीव असा खुश झाला म्हणून सांगू, मी कंबर कसून पाय रोवले. तं त्यायनं मोबाइल काढला. ताई, एक सेल्फी. दोघी दोन बाजूले उभ्या राह्यल्या, हातभर अंतर ठेवून, कोणी खांद्यालेही हात लावला नाही. माइकवाला म्हणे, आमच्या वाघिणीसमोर कोणाची हिंमत नाही. लोकायनं लय टाळ्या वाजवल्या. मले शाल-नारळ दिलं अन् अंगाले माती न लागता मी घरी आली. रडली नाही. हातपंपावर जाऊन हातपाय धुतले, धुवाले काही नव्हतं तरी.

शगू, लोकायले वाटते मी कोणाले घाबरत नाही. मले आता टाळ्यायची भीती वाटते. टाळ्या वाजवणारा माणूस खाली उतरत नाही वं. सहा महिने झाले, मले कोणी धरलं नाही. कुस्तीत माणूस माणसाले गच्च धरते, श्वास कानाशी ऐकू येते, घामाचा वास येते, तवा कळते की आपण एकटं नाही. ते सारं बंद झालं. आता लोक माह्याजवळ येतात, पण अंगाले लागत नाहीत.

आता कागदाचं कारण. मागच्या हप्त्यात विक्की आंघोळीले गेला होता, मी माहाच फोन चोरून पाह्यला. अकराशे मेसेज. खाली खाली जाता तुहं नाव दिसलं. चौदा ऑगस्ट. ‘जमनी, अम्मी गेली. सकाळी.’ अन् त्याच्याखाली माह्या नावानं उत्तर, ‘आपल्या प्रेमाबद्दल मनःपूर्वक आभार. आपला पाठिंबा हीच माझी ताकद.’ पुढं फुगवलेल्या दंडाची दोन चित्रं.

तू त्यावर काही लिहिलं नाही. काय लिहिशील.

तुही अम्मी, माही हलीमाचाची, तुह्यासंग वणीले राहाले गेली त्याच्या आधी सहा वर्षं मी तिच्या हातचं खाल्लं. तुमच्या मागच्या अंगणात आपण माती खोदून आखाडा केला होता, ती चुलीपाशी बसून भाकरी थापत आपल्यावर नजर ठेवे. ‘गिराना है तो गिराओ, मगर दाँत मत तोड़ना, शादी अभी बाकी है.’ तू मले दोनदा पाडलं ते त्याच अंगणात. ते दुनियेत कोणी पाह्यलं नाही, चाचीनंच पाह्यलं, टाळी वाजवली अन् पुन्हा भाकरी उलटाले बसली. ती गेली अन् मी तुले आभार मानले.

मेसेज पाह्यला त्या दिवसापासून तुले अकरा वेळा फोन केला. तू उचलला नाही. बरोबर केलं. विक्कीले मी धोबीपछाड मारली, पण कापसाच्या ढिगावर, लागू नये म्हणून. (सहा महिन्यांतली माही तेवढीच कुस्ती.) फोन परत घेतला. आता तो मेसेज रोज पाहते, पुसत नाही.

तर मुद्द्याचं असं की बोरीची दंगल २८ तारखेले, रविवारी आहे. मले जोड पाहिजे अन् तुह्याशिवाय कोणी येत नाही. तू म्हणशील माह्यात आता कुठं जोर राह्यला. माहा डावा गुडघा कच्चा आहे हे जगात तुले एकटीलेच ठाऊक आहे, तेवढा जोर पुरे. पाड मले, सगळ्या गावासमोर पाड, राग आहे तेवढा काढ. मी अंग सैल सोडणार नाही, खोटी कुस्ती तुले आवडत नाही. एवढं ये.

तुही,
जमनी

ता.क. येताना काही आणू नको. अय्याजभाईले सुट्टी नसली तर एकटी ये, यवतमाळले गाडी बदलावी लागते.

ता.क. २. शगू, खोटं बोलली. बोरीची दंगल यंदा नाही. कमिटी म्हणे, आता कुस्ती पाह्याले लोक येत नाहीत, तुम्हाले पाह्याले येतात. म्हणून कुस्त्या रद्द केल्या अन् मले ठेवलं. स्टेजवर ऑर्केस्ट्रा आहे, मध्ये माहा सत्कार. हे मले पत्र सुरू करायच्या आधीच माहीत होतं. पण कुस्तीले बोलावलं तं तू एखादेवेळी येशील, माफी मागाले बोलावलं तं येणार नाही, असं वाटलं. सत्काराले मी जाणार नाही. रविवारी यवतमाळहून येणारी पहिली गाडी साडेसातले येते, शेवटची साडेपाचले. मी स्टँडवर आहे.